जानकीच्या आईचा फोटो

आप्पा, तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या जुन्या दैनिकातून बेळगावहून फोन आला. जोयड्याचे जुने फोटोग्राफर, दीडशे शब्द, चार वाजेपर्यंत. असा मजकूर मी अठरा वर्षं लिहिला आहे. वय, गाव, आजार, मागे कोण. पंधरा मिनिटांत लिहून पाठवला. त्यात सगळं बरोबर होतं. छापून आल्यावर तुमच्या घरी आक्कांनी तो कात्रीने कापला, एकदा वाचला आणि म्हणाल्या, "कुणाचं का असंना, असंच लिहितात न्हवं?"

म्हणून हे दुसरं, आणि हे तुम्हालाच. आपल्यातलं एक भांडण अर्धं राहिलं. एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले; आता सांगते.

सुगी उरकली होती तेव्हा मी कॅमेरा घेऊन तुमच्या दारात आले. डॉक्टरांनी तुम्हाला काही महिन्यांची मुदत दिल्याचं मला कळलं होतं. मी त्यासाठीच आले, हे तुम्ही ओळखलं होतं. तुम्ही खाटेवर तीन उशांना टेकून बसला होतात, कारण आडवं पडलं की श्वास कोंडायचा. मी म्हणाले, तुमच्या कामावर फिल्म करायची आहे.

"कामावर का मरणावर?"

"दोन्हीवर."

"मग बाय, खिडकी सोडून बस. माझ्या तोंडावर तुझी सावली पडालीय."

तेव्हापासून तुम्ही मला शिकवत राहिलात. डोकं कापू नको. हात घे, माणूस हातानं जास्त बोलतंय. एवढ्या जवळ येऊ नको, मी काय मुंगी न्हाई. मी चिडायचे. ज्याच्यावर काम करायचं त्यानेच चुका काढाव्यात, ही बातमीदाराला न मानवणारी गोष्ट. आता सगळं चित्रीकरण पुन्हा बघते आहे. जिथे चित्र बरं आलं आहे, तिथे आधी तुमची कुरकुर ऐकू येते.

बसस्टँडमागच्या तुमच्या खोलीत पासपोर्टचे फोटो निघायचे, लग्नाच्या ऑर्डरी यायच्या. पण डोंगरातल्या वाड्यांवरून माणूस धापा टाकत बोलवायला यायचा तो घरात कुणी गेलं की. त्या काळी कुंभारवाड्याकडच्या कित्येक घरांत माणूस म्हातारा होऊन मरायचा आणि त्याचा एकही फोटो नसायचा. तुम्ही बॅग उचलायचात. जीप जाईल तिथवर जीप, पुढे पायी. घरच्यांनी मयताला अंघोळ घालून, कपाळाला गंध-कुंकू लावून, भिंतीला टेकवून बसवलेलं असायचं. तुम्ही तीनचारदा खटका दाबायचात. मग दुकानात येऊन प्रिंटवर बारीक कुंचल्याने मिटलेले डोळे उघडायचात. त्यासाठी निघण्याआधी घरच्यांना विचारून ठेवायचात: नजर वर असायची का खाली, रागावलं की कुठला डोळा बारीक व्हायचा. बाराव्याला तो फोटो पाटावर ठेवला की गेलेला माणूस घरच्यांकडे बघत असायचा.

"हे खोटं आहे," मी एकदा म्हणाले.

"काय खोटं?"

"मेलेल्या माणसाचे उघडे डोळे."

"तुमच्या पेपरात मोठा माणूस मेला की हसालेला फोटो छापताय. तो खरा?"

"तो जिवंतपणी काढलेला असतो."

"मग ज्यांचा जिवंतपणी कुणी काढलाच न्हाई त्यांनी काय करायचं? डोळं मिटून बसायचं?"

आक्का आतून म्हणाल्या, "त्यांच्याशी वाद घालू नको ग. आमच्या लग्नातल्या फोटोत माझं नाक पण त्यांनीच सरळ केलंय."

जानकी आली ती एका मंगळवारी, सकाळच्या पहिल्या बसने. कुंभारवाड्याच्या पलीकडच्या वाडीतली, अडतीस वर्षांची, शेतकाम करणारी बाई. पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला तिच्या आईचा फोटो होता. काचेच्या आत बुरशी चढली होती, एका कोपऱ्यात कागद सुटला होता. जानकीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. घरातल्या गेलेल्या माणसांसमोर पहिली अक्षत ठेवायची, आणि आईसमोर ठेवायची तर आई नीट दिसायला पाहिजे, असं तिचं म्हणणं.

"आप्पा, नवा करून द्या. निगेटिव असंल की तुमच्याकडं."

मी सवयीने विचारलं, आई गेली तेव्हा ती केवढी होती.

"नऊ दिसाची," ती म्हणाली. "मी आईला बघितलंय ते ह्यातच. सकाळी उठले की पयलं हिचं तोंड बघतो आम्ही."

आक्का चहा घेऊन आल्या. फोटो हातात घेऊन त्यांनी पदराने काच पुसली आणि बघत राहिल्या. माझा कॅमेरा चालू होता, त्यामुळे मोजून सांगू शकते: अकरा सेकंद. मग त्यांनी फोटो पालथा घालून खाटेवर ठेवला आणि जानकीला म्हणाल्या, "चहा घे ग, निवतोय."

जानकी गेली. आक्का दारात उभ्या राहून ती बसस्टँडकडे वळेपर्यंत बघत होत्या.

"हे थोबाड माझं हाय न्हवं?"

तुम्ही मान डोलावलीत.

"आणि अडतीस वर्षं हार घालालेत मला?"

"व्हय."

"तरीच," आक्का म्हणाल्या. "टायफॉइड झाला, म्हस अंगावर आली, झाडाची फांदी पडली. मी हाय तशी. मेलेलीला आणि काय हुणार?"

हे बोलताना त्या हसल्या नाहीत. जिवंत बाईच्या फोटोला हार घालणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पुढचे दोन दिवस त्या तुमच्याशी बोलल्या नाहीत. गोळ्या माझ्या हाती पाठवायच्या.

त्या दोन दिवसांत तुम्ही मला सगळं सांगितलंत, कॅमेऱ्यासमोर. भर पावसाळ्यात जानकीचा बाप तुम्हाला न्यायला आला होता. बाळंतीण नवव्या दिवशी गेली होती. ओढ्याला पाणी चढलेलं, अंधाराआधी माणसांना सरण रचायचं होतं, सगळे घाई करत होते. आतल्या खोलीत लेकरू रडत होतं. तुम्ही उंबऱ्यावर बसून ओल्या बोटांनी कॅमेऱ्यात रोल भरलात. रोलचं टोक खाचेत अडकलंच नाही. खटका वाजत होता, चावी फिरत होती, आत काहीच सरकत नव्हतं. जोयड्याला येऊन रोल धुतलात तेव्हा पट्टी खिडकीच्या काचेसारखी कोरी होती. तोवर तिकडे राखही सावडून झाली होती.

बाप बाराव्याच्या आदल्या दिवशी फोटो न्यायला येणार होता. तुम्ही चार दिवस काही ठरवलं नाही. मग जुन्या निगेटिव्हचा डबा काढलात. नवा दिवा आणला तेव्हा तो तपासायला आक्कांना समोर बसवून काढलेली निगेटिव्ह त्यात होती. वय तेच, चेहऱ्याची ठेवण जवळपास तीच. गळ्यात तिकडच्या बायका घालतात तशा मण्यांच्या माळा रंगवल्यात, कुंकू मोठं केलंत, भुवया जाड केल्यात.

"दुसऱ्या कुणाची निगेटिव्ह वापरली असती तर?" मी विचारलं. "दुकानात शेकडो बायकांच्या असतील."

"दुसऱ्याच्या बायकोला मी मेलेली कशी करू?" तुम्ही म्हणालात. "आपलीलाच केली."

चित्रीकरणात तिथे बराच वेळ फक्त तुमच्या श्वासाचा आवाज आहे. मग तुम्ही उरलेलं सांगितलंत. बाप आला. फोटो दोन्ही हातांत धरून दारापाशी उजेडात नेला. पुष्कळ वेळ बघितला. मग म्हणाला, "पोरीला दावायला हाय न्हवं. बरं हाय," आणि छत्रीखाली धरून घेऊन गेला. त्याने ओळखलं की नाही, हे तुम्हाला आयुष्यभर कळलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, आणि आता तो नाही.

मी म्हणाले, जानकीला सांगा. आपलं भांडण इथून सुरू झालं. माझ्या धंद्यात नियम आहे: छापलेली गोष्ट चुकीची निघाली की खुलासा द्यायचा, वाचणाऱ्याला आवडो न आवडो.

"कितव्या पानावर?" तुम्ही विचारलंत.

"आतल्या."

"चूक पयल्या पानावर आणि खुलासा आतल्या. बघ. आणि तिच्याकडं आतलं पान न्हाई, बाय. एकच पान हाय. ते फाडलं की तिला आईच न्हाई."

"पण तो तिचा हक्क आहे."

"तिचा हक्क, का तुझ्या फिल्मला शेवट?"

मी चिडून निघून आले. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर दिलं नाही.

जानकी येऊन गेल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी तुमचा फोन आला. जीप सांगितली आहे, येणार असशील तर ये. मी पोचले तेव्हा तुम्ही स्वच्छ सदरा घालून खाटेच्या कडेवर बसला होतात. जुनी निगेटिव्ह सापडली होती. नवी प्रिंट रामनगरहून करून आणवली होती, रंगवायला कुंचलाही ओला केला होता. पुढे हात गेला नाही.

"तवा चूक झाली," तुम्ही म्हणालात. "आता परत केलं तर ती चूक न्हवं, फसवणूक."

म्हणजे तुम्ही निघालात ते माझ्या नियमासाठी नव्हे. हे मी इथे स्पष्ट नोंदवते, कारण फिल्म बघणाऱ्याला तसं वाटेल.

आक्का आल्या नाहीत. जीपपर्यंत पोचवायला आल्या, तुमच्या गळ्याला मफलर गुंडाळला. "सांगून या. पर मला तिच्या दारात न्हेऊ नका. ती माझ्याकडं बघंल आणि काय म्हणंल?"

रस्ता संपला तिथून जानकीच्या नवऱ्याने आणि दिराने तुम्हाला खुर्चीत बसवून उचलून नेलं. अंगणात भात वाळत घातलं होतं. आत भिंतीवर फोटोच्या जागी चौकोनी पांढरा डाग होता. तुम्ही त्याच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे, आणि म्हणालात, "बाय, हे नको."

मी कॅमेरा बंद केला, तिवई उचलून अंगणात गेले. तुमच्या कॉलरचा माईक काढला नाही; आवाज टिपणारं यंत्र माझ्या खांद्यावर चालूच होतं.

नेमकं सांगते. पहिली चार मिनिटं मी विसरले होते. पाचव्या मिनिटाला गळ्यात अडकवलेल्या हेडफोनमधून तुमचा आवाज बारीक ऐकू आला तेव्हा आठवलं. पुढची सतरा मिनिटं मी विसरले नव्हते. कानाला लावून ऐकत होते. हे मी तुम्हाला त्या दिवशी जीपमध्ये सांगू शकले असते. तुम्ही डोळे मिटून बसला होतात, मी म्हटलं, नंतर सांगू.

तुम्ही सरळ सांगितलंत. रोल, खाच, कोरी पट्टी, आक्का. जानकी रडली नाही. तिने एकच विचारलं.

"म्हणून खूण न्हाई व्हय त्यात?"

"कसली खूण?"

"आईच्या भुवईत विळीची खूण व्हती, असं बाबा सांगायचा. मी ल्हान असताना विचारलं, फोटोत कुठं हाय? तर म्हणायचा, खूण फोटोत येत न्हाई."

ज्या माणसाला विचारायची तुम्हाला हिंमत झाली नव्हती, त्याचं उत्तर तुम्हाला त्याच्या लेकीकडून मिळालं. त्याने ओळखलं होतं. लेकरासाठी घेऊन गेला, आणि मरेपर्यंत तुमचं खोटं सांभाळत राहिला.

मग जानकी म्हणाली, "तुम्ही बघितलेली न्हवं तिला? जवळनं? मग सांगा, कशी व्हती."

आणि तुम्ही सांगितलंत. अडतीस वर्षांपूर्वी कॅमेऱ्यातून पाच मिनिटं बघितलेला एक चेहरा. कपाळ अरुंद. केस कानाजवळ कुरळे, घामाने चिकटलेले, ते कुणीतरी पुसून मागे सारले होते पण परत आले होते. डाव्या भुवईत खूण, तिरकी, आतल्या बाजूला. वरचा ओठ पातळ. नाक जानकीचं आहे तसं नाही, बसकं. रंग सावळा, आक्कांपेक्षा पुष्कळ सावळा. उजव्या हाताची करंगळी बाहेर वाकलेली. दार उजवीकडे होतं, पावसाळी उजेड एकाच गालावर होता. चेहऱ्यावर वेदना नव्हती. "दमल्यावाणी व्हती," तुम्ही म्हणालात. "कामावरनं येऊन बसावं तशी." मध्येमध्ये दम घेत होतात, खोकत होतात. जानकी पाणी देत होती आणि पुढचं विचारत होती. दात कसे होते, हे तुम्हाला सांगता आलं नाही. तोंड मिटलेलं होतं, म्हणालात. ठाऊक नसलेलं एकही तुम्ही जोडलं नाहीत. प्रत्येक गालावर रंग चढवणारा माणूस त्या दिवशी एका शब्दालाही रंग लावत नव्हता. मी इतकी वर्षं बातम्या लिहिल्या, मुलाखती घेतल्या. एवढी चोख साक्ष मला कुणी दिलेली नाही.

निघताना तुम्ही तिचा जुना फोटो तिच्याकडे परत दिलात. तिने तो घेतला, भिंतीला लावला नाही, आत नेऊन ठेवला.

त्यानंतर तुम्ही अकरा दिवस होतात. गेलात तेव्हा मी बेळगावात होते. तुमचा शेवट माझ्याकडे चित्रित नाही, आणि याचं मला बरं वाटतं हे इथे कबूल करते. आक्कांना मी फोनवरच विचारलं, येऊन एक फोटो काढू का, तुम्ही लोकांचे काढायचात तसा. त्या म्हणाल्या, "काढशील ग. पर डोळं कोण उघडणार?"

तो काढला नाही.

काल जानकी आली. मी आक्कांजवळ पडवीत बसले होते. तिने पिशवीतून फोटो काढून आक्कांच्या पुढ्यात ठेवला. त्या दोघी पहिल्यांदाच सगळं माहीत असताना समोरासमोर बसल्या होत्या. जानकी आक्कांच्या चेहऱ्याकडे बघत होती, मग फोटोकडे, मग परत.

"हे तुमचं," ती म्हणाली.

"मी काय करू त्याचं? अडतीस वर्षं तूच सांभाळलास."

"लावू वाटत न्हाई. काढून टाकू पण वाटत न्हाई. लगीन तोंडावर आलंय."

आक्कांनी फोटो उचलला, परत तिच्या मांडीवर ठेवला. "लाव. पोरगी त्यालाच नमस्कार करत मोठी झाली. फकस्त हार घालू नको ग, मी अजून हाय."

जानकी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग तोंड पुसून ती माझ्याकडे वळली. तिला तुमचं बोलणं आठवत होतं, पण सगळं नाही. त्या दिवशी डोकं जागेवर नव्हतं म्हणाली. अक्षता पडायच्या आधी लेकीला आजीबद्दल सांगायचं होतं आणि गोष्टी निसटत होत्या.

"करंगळी उजवी, हे हाय ध्यानात. पर भुवई? उजवी सांगितली का डावी?"

आक्का म्हणाल्या, "आता कुणाला विचारणार, बाई?"

"डावी," मी म्हणाले. "आतल्या बाजूला. तिरकी."

जानकीने मांडीवरचा फोटो खाली ठेवला. "तू तर भायर व्हतीस."

मी सांगितलं. माईक, चार मिनिटं, सतरा मिनिटं.

"आप्पांना ठाऊक व्हतं?"

"नाही."

आक्का सुपातल्या तांदळातले खडे वेचत होत्या. त्यांचा हात थांबला, पण त्यांनी वर बघितलं नाही. मी वाट बघत होते, दोघींपैकी कुणी काय म्हणेल याची. म्हणण्यासारखं पुष्कळ होतं.

"लाव," जानकी म्हणाली.

तिने पायरीवर बसून माझ्या फोनवर ते ऐकलं, कानात वायर घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. दोनदा मला थांबवायला सांगितलं आणि मागे न्यायला लावलं. एकदा केसांपाशी. एकदा "दमल्यावाणी व्हती" यापाशी. संपल्यावर वायर काढून हातात धरून बसली.

"हे मला दे. आणि दुसऱ्या कुणाला दावू नको."

मी हो म्हणाले. तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तरही इथेच देते, आप्पा. होय, फिल्मला शेवट पाहिजे होता. तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. हक्काचं मी म्हणाले तेही खरं होतं, पण ते दुसऱ्या क्रमांकावर होतं. हा भाग फिल्ममध्ये येणार नाही. तुमची खाट येईल, कुंचला येईल; पण आक्कांनी काच पुसल्यानंतरचे अकरा सेकंदही येणार नाहीत.

मी जानकीला म्हणाले, मधला खोकला, धाप, पाण्याचे आवाज काढून टाकून देते, नीट ऐकू येईल. दोन दिवसांचं काम आहे.

"कशाला?" ती म्हणाली. "त्यांनी दम घेत घेत सांगितलंय माझ्या आईचं. तसंच दे."

तिच्या फोनवर पाठवलं. नीट पोचलं का ते तिने तिथेच लावून बघितलं, मग फोटो लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि बस चुकेल म्हणून उठली.

ध्वनिमुद्रण एकवीस मिनिटांचं आहे, आप्पा. मी त्यातला एक सेकंदही कापलेला नाही.